पार्लमेंटचे फॅमिली डॉक्टर

लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीची मनापासून काळजी करणारा माणूस जगात एकच आहे. तो नॉटिंगहॅमला राहतो आणि नात्याने माझा मामेसासरा लागतो. त्या इमारतीत बसणारे खासदार, उमराव, मंत्री ही सगळी मंडळी मामांच्या मते पोटभाडेकरू. आज आहेत, उद्या नाहीत. मामा मात्र कायमचे. हाडांचे डॉक्टर म्हणून त्यांनी तिथल्या सरकारी हॉस्पिटलात हयातभर लोकांचे खुबे आणि गुडघे बदलले. रिटायर झाल्यावर माणसं बाग करतात, क्रूझवर जातात, नातवंडं सांभाळतात. मामांना मूलबाळ नाही, गवताने शिंका येतात आणि बोट लागते. तेव्हा त्यांनी एक पेशंट घेतला. पेशंट थेम्सच्या काठी उभा आहे, वय पावणेदोनशेच्या आसपास, काही हाडं त्याहूनही कितीतरी जुनी, तब्येत तोळामासा, आणि उपचार कोणते करायचे यावर नातेवाइकांचं एकमत नाही. "क्लासिक केस," मामा म्हणतात. "पेशंट जाईपर्यंत कमिटी बसणार, आणि गेल्यावर चौकशीला दुसरी बसणार."

भारतातून आमच्याकडे कोणीही आलं की त्याला एक दिवस मामांच्या हवाली करावं लागतं. पाहुण्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर फिरायचं असतं आणि मोठ्या घड्याळासमोर फोटो काढायचा असतो. मामा भल्या सकाळच्या ट्रेनने येतात आणि पुलावरच त्यांना अडवतात. "आधी हिस्ट्री, मग एक्झामिनेशन! आल्या आल्या फोटो काढणारा डॉक्टर बघितलाय कधी?" इथून राउंड सुरू. हिस्ट्रीची सुरुवात आगीपासून. जुना राजवाडा कसा जळला? तर हिशेबाच्या जुन्यापुराण्या लाकडी काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्टीत दिवसभर कोंबल्या म्हणून. वर वाडा पाहायला आलेल्या माणसांचे बुटातून तळवे भाजत होते, धुराने भिंतीवरची चित्रं दिसेनाशी झाली होती, तरी संध्याकाळी दाराला कुलूप लावून तिथली हाउसकीपर बाई घरी गेली. "लक्षणं समोर होती!" मामा पुलावर ओरडतात. "पाय भाजतायत, धूर येतोय आणि तुम्ही कुलूप लावता? पेशंटला ताप आणि नर्स चहाला!" शेजारून जाणारे टुरिस्ट दचकून बाजूला होतात. मग एक्झामिनेशन. बाहेरचा दगड यॉर्कशायरचा, लंडनच्या धुराने पोखरलेला, निदान ऑस्टिओपोरोसिस. तळघरात वाफेचे, पाण्याचे, गॅसचे पाइप आणि विजेच्या वायरी एकमेकांच्या उरावर बसलेल्या, कोणती कुठे जाते ते कोणाला धड ठाऊक नाही, आणि कुठे पेटलं नाही ना हे हुंगत रखवालदार चोवीस तास फिरतायत. निदान हृदयविकार, केव्हाही झटका.

एकदा माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, पुण्याच्या आत्या आल्या होत्या. आत शिरतानाच त्यांच्या पिशवीतले डिंकाचे लाडू एक्स-रे मशीनमध्ये अडकले. पडद्यावर ते गोळे बघून पहारेकऱ्याचा चेहरा गंभीर झाला, तेव्हा मामांनी त्याला डिंक हाडांना कसा चांगला हे पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्याने बहुधा ते थांबावं म्हणूनच आम्हाला सोडलं. आत्यांचे गुडघे दुखत होते. खासदारांच्या सभागृहात ती हिरवी लांबलचक बाकं रिकामी दिसल्यावर त्या सरळ जाऊन बसल्या. तिथे पाहुण्यांनी बसायचं नाही असा कडक नियम आहे. मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळा ग्रुप थबकला. "अहो, उठा! इथे टेकायला आधी निवडून यावं लागतं!"

"पुढच्या वेळी उभी राहीन हो," आत्या शांतपणे म्हणाल्या. "आत्ता जरा बसू द्या."

त्याच सभागृहाच्या दारापाशी मामांचा राउंड सगळ्यात जास्त रेंगाळतो. फार पूर्वी एक राजा खासदारांना पकडायला थेट आत घुसला होता. तेव्हापासून रिवाज असा की अधिवेशनाच्या सुरुवातीला राजाचा निरोप्या काळी काठी घेऊन बोलवायला आला की खासदार त्याच्या तोंडावर धाडकन दार लावून घेतात. मग त्याने काठीने तीनदा ठोठवायचं, मग दार उघडायचं, आणि मग सगळ्यांनी जोडीजोडीने, मुद्दाम मोठमोठ्याने गप्पा मारत त्याच्यामागून जायचं. जायचं तर आहेच, पण हुकमाने नाही, आमच्या मर्जीने. ठोके खाऊन खाऊन त्या दाराच्या लाकडाला खळगा पडला आहे. मामा तो लांबून दाखवतात.

हे वेड जुनं आहे. मामा तरुणपणी परीक्षा द्यायला आले तेव्हा भाड्याच्या खोलीत थंडीने अभ्यास होईना. पार्लमेंटच्या गॅलरीत मात्र फुकट बसता यायचं आणि आत छान उबदार असायचं. तिथे बसून ते हाडांची नावं पाठ करत, खाली कामगारांच्या प्रश्नावर भांडण चालू असे. लग्न करून मामींना साताऱ्याहून आणलं ते सामान टाकून पहिल्याच आठवड्यात तिथे दाखवायला नेलं. सहाशे वर्षांपूर्वीचं ओकच्या लाकडाचं ते अवाढव्य छप्पर आहे ना, जुन्या मोठ्या दिवाणखान्यावरचं, त्याच्याखाली मामी मान वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं छप्पर, आणि मधे एक खांब नाही? मग पेललंय कोणी?" लाकडं एकमेकांना कशी धरून असतात ते मामांनी हात दुमडून, कोपर दाखवून समजावलं. युद्धात बॉम्ब पडले तेव्हा पाणी दोन्हीकडे पुरेना, म्हणून खासदारांचं सभागृह जळू दिलं आणि हे छप्पर वाचवलं, तेही सांगितलं. "जे पुन्हा बांधता येतं ते सोडायचं. जे येत नाही, ते धरून ठेवायचं." हे वाक्य ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पण ते पहिल्यांदा मामींना सांगितलं होतं.

मामींनी हे वेड नुसतं सहन केलं नाही, त्यात त्या सामील झाल्या. नॉटिंगहॅमच्या घरात दिवाणखान्यात दोन सोफे समोरासमोर, एक सरकार पक्षाचा, दुसरा विरोधकांचा, आणि मधल्या उंच खुर्चीत सभापती म्हणून मामा. खासदारांच्या दोन बाजूंमध्ये दोन तलवारींचं अंतर असतं म्हणतात. मामांच्या कार्पेटवर दोन लाटण्यांचं. समीर आणि त्याचे मित्र भारतातल्या निवडणुकांवरून हमरीतुमरीवर आले की मामा टेबलावर चमचा आपटत, "ऑर्डर, ऑर्डर! सन्माननीय भाचे, आवाज खाली!" मग स्वयंपाक झाला की मामी लाटणं घेऊन पॅसेजमधून येत. त्यांची चाहूल लागली की मामा उठून दिवाणखान्याचं दार त्यांच्या तोंडावर लावून घेत. मामी लाटण्याने तीनदा ठोठवत. मामा विचारत, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येई, "पानं घेतलीत. पोळ्या गार होतायत." मग दार उघडून आम्ही सगळे जोडीजोडीने, मोठ्याने बोलत जेवायला जायचो. माझ्या लग्नानंतर मी त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा हा प्रकार पाहून मला वाटलं, हे नवरा-बायको काहीतरी बिनसल्यामुळे असे वागतायत. पाहुणे असोत नसोत, दोघंच असली तरी रोज हे चाले, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

चार वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा राउंडला येत राहिले, बोलत राहिले, पण त्यांच्या घरात दिवाणखान्याचं दार कायम उघडं दिसू लागलं. त्याच्या खाली त्यांनी लोखंडाची जुनी इस्त्री लावून ठेवली होती. त्याच सुमाराला घराचीही तब्येत ढासळायला लागली. छताच्या कोपऱ्यात ओल, खिडकीच्या चौकटी भुसभुशीत. पण खरी काळजी वायरिंगची होती. ते मामांनी घर घेतलं त्याच्याही आधीचं. इलेक्ट्रिशियनने बघून सरळ सांगितलं की हे केव्हा पेटेल त्याचा नेम नाही, सगळं नव्याने करावं लागेल, जमीन उखडावी लागेल, भिंती फोडाव्या लागतील, आणि त्या दोनेक महिन्यांत इथे कोणाला राहता येणार नाही. आम्ही म्हटलं, मामा, मिल्टन कीन्सला आमच्याकडे चला. मामा म्हणाले, नाही.

आता गंमत बघा. वर्तमानपत्रांना येताजाता पत्रं लिहिणारा हा माणूस, "खासदारांनी ताबडतोब ती इमारत रिकामी करून दुरुस्तीला द्यावी, आत राहून ऑपरेशन होत नसतं" असं कंठशोष करून सांगणारा, तो स्वतःचं तीन बेडरूमचं घर रिकामं करायला तयार नव्हता. प्रत्येक वेळी नवीन कारण. हिवाळ्यात घर सोडलं तर पाइप गोठतील. उन्हाळ्यात सोडलं तर शेजारणीच्या मांजरीला दूध कोण घालणार. नंतर नंतर तर आमच्या गावावरच घसरले. "मिल्टन कीन्स हे काय गाव आहे? नुसती राउंडअबाउटं! जे गाव एकदाही जळलं नाही त्याची हिस्ट्री काय घ्यायची?" मी आयटीतली, दिवसभर प्रोजेक्टांचे प्लॅन करणारी बाई. मी रंग, फरशा, नवी पांढरी दारं, सगळं एकदमच उरकायचं असा झकास प्लॅन करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिला. मला मनातून फार राग आला होता.

शेवटी तोंड फोडलं ते आमच्या इराने. ती सोळा वर्षांची, जन्म इथलाच, मराठी मोडकं पण जीभ धारदार. एका रविवारी जेवण झाल्यावर मामा तीच आगीची गोष्ट सांगत होते, तळव्यांपर्यंत आले होते, तेवढ्यात तिने पॅसेजमधल्या स्विचवर हात ठेवला.

"मामाआजोबा, हे स्विच हॉट आहे. लाइक, रिअली हॉट."

"जुनं घर आहे गं. थोडं गरम होतं."

"तेच त्या लेडीनी म्हटला असेल ना? जिने लॉक करून घरी गेली?"

समीर ताटं उचलायला लागला. इरा थांबेना.

"तुम्ही एम्पींना सांगता मूव्ह आउट व्हा. मग तुम्ही का नाही? दॅट्स सो अनफेअर. तुम्ही जळालात तर आम्ही काय करायचा?"

ती रडायलाच लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हो काही म्हटलं नाही. मग पुढच्याच आठवड्यात तो स्विच फट्‌दिशी उडाला, भिंतीचा कागद करपला आणि पॅसेजभर धूर झाला. मामा घरात एकटे होते. शेजारीण धावत आली म्हणून बरं. इलेक्ट्रिशियनने वीजच बंद करून टाकली. तरी मामा जाईनात. आम्ही पोचलो तेव्हा ते दोन स्वेटर घालून, पायावर रग घेऊन, सभापतींच्या खुर्चीत बसले होते आणि बाजूच्या टेबलावर चक्क मेणबत्ती तयार ठेवली होती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या भट्टीवाल्यांना माफ केलं नाही, त्याने!

मी भांडायचं नाही असं ठरवलं. आता ते आज ना उद्या येणारच, आपण कामाला लागावं, म्हणून टेप काढली आणि नव्या दारांची मापं घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघराचं झालं, जिन्याखालचं झालं. दिवाणखान्याचं दार मोजायला इस्त्री बाजूला केली तशी खुर्चीतून आवाज आला.

"ते सोडून."

"का? हेच तर सगळ्यात वाईट झालंय, मामा. रंग बघा किती उडालाय." असं म्हणत मी दार माझ्याकडे ओढलं आणि पॅसेजच्या बाजूने त्यावरून हात फिरवला. माझ्या कमरेच्या जरा वर लाकूड दबलेलं होतं. एक खळगा, बशीएवढा, रंग पार गेलेला, आणि कडांनी गुळगुळीत. दार पॅसेजमध्ये उघडतं आणि तिथल्या भिंतीला टेकून असायचं, त्यामुळे ही बाजू आम्हा कोणाला इतकी वर्षं दिसलीच नव्हती. मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं, आणि हातातली टेप आपोआप मिटली.

मामा खुर्चीतून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "वायर नवी मिळते. फरशी नवी मिळते. तू नवं दार घालशील, चांगलंच घालशील, तू सगळं चांगलं करतेस. आणि हे ठेवलंस तरी, मी इथे नसलो तर तो पेंटर काय, घासून, लांबी भरून, वर पांढरा रंग मारून मोकळा होईल. त्याला काय माहीत?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? हाडांचा डॉक्टर, आणि दाराला चिकटून बसलाय म्हणून?"

त्या दिवशी मला त्यांच्यावर जेवढी माया आली तेवढी कधीच आली नव्हती. मी त्यांच्यासमोर इलेक्ट्रिशियनला फोन लावला, मग पेंटरला, आणि दोघांना सांगितलं की हे एक दार बिजागऱ्यांवरून काढायचं, चादरीत गुंडाळायचं आणि काम संपेपर्यंत ते आमच्या घरी राहील. पेंटर म्हणाला, त्याला जरा घासून देतो की, फुकट. मी म्हटलं, हात लावलास तर बघ. मामा उठले, जिन्याखालून बॅग काढून आणली. ती भरलेली होती. वरच्या स्वेटरवर धुळीचा थर बघून मी समजले की ती पुष्कळ दिवसांपासून भरलेली होती. आमच्या गाडीत मागची सीट पाडून दार आडवं घातलं आणि इरा त्याच्या कडेला अंग चोरून बसली. सगळ्या राउंडअबाउटांवर ती ते दोन्ही हातांनी धरत होती.

मामा आमच्याकडे राहिले ते दोन महिन्यांऐवजी पाच. कोणतंही बांधकाम वेळेत संपत नाही, आणि पार्लमेंट बांधणाऱ्यांनाही ते जमलं नव्हतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी माझ्या ऑफिसातही ते उदाहरण देऊ लागले. मिल्टन कीन्सला त्यांनी नावं ठेवली आणि सगळे लाल सायकलरस्ते पायी पालथे घातले. दार आमच्या गेस्टरूममध्ये, त्यांच्या पलंगासमोर भिंतीला टेकवून उभं होतं. चादर एका बाजूने वर केलेली असायची.

यंदाच्या मार्चमध्ये आम्ही त्यांना परत सोडायला गेलो. घरात नव्या रंगाचा वास, प्रत्येक स्विच पांढराशुभ्र आणि थंडगार. इराने सगळ्यांना हात लावून खात्री केली. आणि मधेच ते जुनं, तपकिरी, रंग उडालेलं दार आपल्या जागी. बाकी घराशी ते कशानेही जुळत नव्हतं. मामांनी घरभर राउंड घेतला, भिंती ठोकून पाहिल्या, "पेशंट स्टेबल" म्हणाले आणि जाऊन आपल्या उंच खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात पोळ्या करायला लागले, समीर आणि इरा पानं घेत होते. शेवटची पोळी झाली आणि लाटणं हातात तसंच ठेवून मी त्यांना बोलवायला पॅसेजमध्ये आले. माझी चप्पल वाजली असेल. इस्त्री सरकवल्याचा आवाज आला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते दार माझ्या तोंडावर बंद झालं.

मी तिथेच उभी राहिले. मागे समीर आणि इरा येऊन थांबले. करावं की नाही, आपला तो मान आहे की नाही, मला काही सुचेना. मग मी लाटणं उचललं आणि माझ्या हाताच्या उंचीवर एकदा वाजवलं.

"अगं, जरा खाली," आतून मामांचा आवाज आला. "ती बुटकी होती."

मी वाकले, हात खाली नेला. तिथे लाकूड आधीच दबलेलं होतं, लाटणं त्यात बरोब्बर बसलं. मी तीनदा ठोठवलं.

"कोण आहे?"

"पानं घेतलीत," मी म्हटलं. पुढचं मला म्हणता येईना, ते इराने म्हटलं, "पोळ्या गार होतायत."

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही तिघं पॅसेजमध्ये थांबून राहिलो. पोळ्या खरोखरच गार झाल्या, आणि त्या दिवशी त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.